कृपादान आणि प्रसाद : मराठी ख्रिस्ती गायनपरंपरेतील एक प्रश्न

पिंपरी-चिंचवड आणि चाकण ह्यांच्या कारखानदारीने आज वेढलेल्या टापूत, इंद्रायणीच्या काठी, देहू आणि आळंदी ही दोन क्षेत्रे वसलेली आहेत. देहूनजीकचा भंडारा आणि चाकणच्या बाजूचा भामचंद्र हे डोंगर तुकोबांच्या एकान्तवासाची स्थाने म्हणून वारकऱ्यांना पूज्य आहेत. मराठी ख्रिस्ती उपासनासंगीताच्या विवेचनास ह्या टापूपासून प्रारंभ करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटण्याचा संभव आहे. कारण त्या संगीताचा इतिहास घडला तो मुख्यतः अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), राहुरी, सातारा आणि मुंबई येथे. तथापि त्या इतिहासाच्या मुळाशी असलेला प्रश्न देहूसच प्रथम स्पष्टपणे मांडला गेला होता. गाणाऱ्याच्या मुखी जे गाणे येते ते त्याचे स्वतःचे असते काय, आणि नसेल तर ते त्यास कोण देतो, हा तो प्रश्न होय.

तुकोबांचे उत्तर प्रसिद्ध आहे. पांडुरंगास बरोबर घेऊन नामदेव आपल्या स्वप्नात आले व आपला अपुरा राहिलेला अभंगरचनेचा संकल्प पूर्ण करण्याची आज्ञा त्यांनी केली, असे ते सांगतात. आणि आपल्या वाणीचे कर्तृत्व आपणाकडे नाही, बोलविता धनी निराळाच आहे, ही भावना त्यांच्या अभंगांतून पुनःपुन्हा प्रकट होते. इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्याची कथाही ह्याच श्रद्धेची साक्ष आहे. कथेच्या ऐतिहासिकतेविषयी मतभेद असोत; जे दिलेले आहे ते देणाऱ्याच्या इच्छेवाचून नष्ट होत नाही, हा तिचा आशय निःसंदिग्ध आहे. वारकरी परिभाषेत ह्यास 'प्रसाद' म्हणावयाचे.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात ह्याच्या निकटचा शब्द 'कृपादान' हा होय. मराठी बायबलात तो ग्रीक 'खारिस्मा' ह्या शब्दासाठी योजिला आहे, आणि 'खारिस' म्हणजे कृपा हे मूळ त्यात यथायोग्य राखले गेले आहे. परंतु येथे अभ्यासकास एक अडचण भेटते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात व रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने कृपादानांची गणना केली आहे. ज्ञानाचे वचन, रोगनिवारण, संदेश देणे, शिक्षण, सेवा, दातृत्व ह्या सर्वांचा तीत अंतर्भाव होतो. गायनाचा मात्र होत नाही. असे असूनही त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात मंडळी एकत्र जमते तेव्हा कोणापाशी स्तोत्र असते, कोणापाशी शिकवण असते, असे तो म्हणतो, आणि आत्म्याने गाणे व बुद्धीनेही गाणे ह्या दोहोंचा आग्रह धरतो. गायन यादीत नाही, पण यादीतील दानांच्या पंक्तीस मात्र बसलेले आहे. जुन्या करारात तर ह्याहून पुढची पायरी आढळते. पहिल्या इतिहासग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात आसाफ, हेमान व यदूथून ह्यांच्या वंशजांनी वीणा-सारंगी-झांजा ह्यांच्या साथीने संदेश द्यावा अशी योजना आहे, व अलीशा संदेष्टा तर वादकास बोलाविल्यावाचून बोलण्यास सिद्ध होत नाही.

ह्या संदिग्धतेतूनच पाश्चात्त्य चर्चमधील दीर्घ वाद उद्भवला. स्तोत्र ऐकताना आपले मन शब्दार्थाकडे आहे की स्वराच्या गोडीकडे, ह्या शंकेने ऑगस्टिन व्याकुळ होई, हे त्याच्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागावरून दिसते. ल्यूथरने ही शंका जवळजवळ झटकून टाकली. देववचनाच्या खालोखालचे स्थान त्याने संगीतास दिले आणि ते साक्षात देवाची देणगी मानले. कॅल्व्हिनही संगीतास देवाची देणगीच म्हणतो. पण त्या देणगीस लगाम हवा, आणि उपासनेत गावयाची ती मुख्यत्वे दाविदाची स्तोत्रे, असा त्याचा दंडक होता. झुरिचमध्ये झ्विंग्लीने तर उपासनेतून गायनच वगळले. महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट पंथाचा जो प्रवाह प्रथम व प्रभावीपणे आला तो अमेरिकन मराठी मिशनचा, आणि त्याचे कुळ कॅल्व्हिनच्या बाजूचे होते, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी धरावयास हवी. न्यू इंग्लंडमधील ज्या प्युरिटन मंडळ्यांतून हे मिशनरी आले त्यांचे पहिले मुद्रित पुस्तक १६४० मधील छंदोबद्ध स्तोत्रसंहिता हे होते. पुढे आयझॅक वॉट्सच्या गीतांनी तेथील उपासना मोकळी केली, तरी गीत म्हणजे मुख्यतः शिकवण पाठ करून घेण्याचे साधन, ही दृष्टी बव्हंशी टिकून राहिली.

त्यापूर्वीची एक परंपरा येथे उल्लेखिली पाहिजे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले, आणि त्यांचे सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. तुकोबांचा जन्म १६०८ चा धरल्यास त्या वर्षी ते आठ वर्षांचे बालक होते. गोमंतकीय नवख्रिस्ती समाजाची पुराणश्रवणाची भूक ओळखून स्टीफन्सनी ओवी स्वीकारली, आणि ती साडेतीन चरणांची चाल त्यांच्या हाती इतकी सहज झाली की ग्रंथकर्ता परदेशी आहे हे वाचकास विसरावयास होते. पण १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने देशी भाषेच्या उच्चाटनाचे धोरण जाहीर झाले आणि ह्या परंपरेच्या वाढीस पायबंद बसला. नगरच्या प्रॉटेस्टंट गायनाचा उगम ह्या प्रवाहात शोधणे योग्य होणार नाही. पंथ निराळा, लिपी निराळी, आणि मध्ये दोन शतकांचे अंतर. एवढे मात्र खरे की ओवी ख्रिस्तकथेस परकी नाही, हा निर्णय गोव्यात एकदा होऊन गेला होता. नगरास तो पुन्हा प्रारंभापासून करावा लागला.

गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे १८१३ मध्ये मुंबईस उतरले. नगरचे ठाणे १८३१ मध्ये स्थापन झाले. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये निघाले. आरंभीची मराठी उपासनागीते ही बहुतांशी इंग्रजी गीतांची रूपांतरे असून ती इंग्रजी चालींवर म्हटली जात. ह्या गीतांच्या रुक्षतेचा दोष सामान्यतः भाषांतरकारांच्या मराठीवर टाकला जातो, पण तो पुरता न्याय्य नाही. खरी अडचण छंदशास्त्रीय होती. इंग्रजी उपासनागीताचा प्रचलित साचा आठ व सहा अक्षरांच्या आलटून-पालटून येणाऱ्या ओळींचा असतो, व त्यातील प्रत्येक दुसऱ्या अक्षरावर आघात पडतो. चाल ह्या आघाताभोवती रचलेली असते. लांब स्वर त्याच ठिकाणी येतो. मराठीत शब्दाघातास असे छंदोनिर्मितीचे सामर्थ्य नाही. मराठी वाक्यात शब्दाच्या शेवटी विभक्तिप्रत्यय येतो. तेव्हा चालीतील दीर्घ, गंभीर स्वर नेमका एखाद्या 'ला' किंवा 'ने' ह्यावर येऊन थांबे, आणि 'देव', 'प्रीती', 'क्षमा' असे अर्थवाही शब्द घाईघाईने उरकले जात. अर्थ एकीकडे व स्वर दुसरीकडे, अशी ही फारकत. 'आत्म्याने आणि बुद्धीने' गाण्याची पौलाची अट अशा गायनात पाळली जाणे शक्यच नव्हते.

अभंगाची घडण ह्याच्या उलट आहे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चरण असतात. अक्षरांची संख्या ठरलेली, पण त्यांचे ऱ्हस्वदीर्घत्व गाणाऱ्याच्या स्वाधीन. तो 'गा' लांबवील, 'णे' आखडील. अर्थ जेथे थांबू म्हणेल तेथे थांबेल. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या अंती येणारे यमक स्मरणास आधार देते आणि चौथा आखूड चरण विधान पुरे करतो. शिवाय ध्रुपद सर्वांनी उचलावयाचे असते. निरक्षर श्रोताही दोन आवृत्त्यांत गाणारा होतो. मिशनच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत बहुसंख्य लोक वाचू न शकणारे असताना ही सोय केवळ सोय नव्हती.

बदलाची पहिली लक्षणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कीर्तनाच्या रूपाने दिसू लागली. नगरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतील काही गायकांनी नारदीय कीर्तनाचा आकृतिबंध घेऊन त्यात बायबलातील आख्याने बसविली. ह्या गायकांत कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांचे नाव विशेष घेतले जाते. पूर्वरंगात एखाद्या वचनाचे निरूपण आणि उत्तररंगात त्यास दृष्टान्तभूत होणारी कथा, ही विभागणी ख्रिस्ताच्या दाखल्यांना फार अनुकूल होती. उधळ्या पुत्राची गोष्ट तर जणू उत्तररंगासाठीच सांगितली गेली असावी. साकी, दिंडी, ओवी, पद ही सारी सामग्री त्यात आली. तरीही कीर्तन हे प्रचाराचे साधन म्हणूनच बहुधा मान्य झाले होते. रस्त्यावर, जत्रेत, हिंदू श्रोत्यांपुढे ते चालावे. रविवारच्या उपासनेत इंग्रजी चालीच राहाव्यात, असा एक अलिखित विभाग काही काळ दिसतो. ज्या चालींवर काल विठ्ठलाचे नाव घेतले त्याच चालींवर आज ख्रिस्ताचे घेतले तर जुना संस्कार आत शिरणार नाही काय, ही भीती त्यामागे होती. ती हास्यास्पद नव्हती. चालीस स्मृती असते, हे संगीत जाणणारा कोणीही नाकारणार नाही.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी हा विभाग मोडला. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. संस्कृत अध्ययन, कीर्तन-प्रवचन आणि काव्यरचना ह्यांत त्यांची पूर्वायुष्याची वर्षे गेली होती. राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते नगरास आले, १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. मंडळीच्या 'उपासना-संगीत' ह्या गीतसंग्रहात एकट्या टिळकांची दोनशेहून अधिक गीते समाविष्ट झाली. परंतु त्यांचे महत्त्व संख्येत नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे ते सांगत. हे विधान सहसा त्यांच्या धर्मांतराचा वृत्तान्त म्हणून उद्धृत केले जाते. वस्तुतः ते त्यांच्या काव्यविषयक भूमिकेचेही विधान आहे: 'प्रसाद' ह्या वारकरी कल्पनेचा उपयोग त्यांनी 'कृपादान' ह्या पौलाच्या कल्पनेचा अर्थ लावण्यासाठी केला.

ह्याचा उत्तम पुरावा त्यांच्या नाममुद्रेत आहे. 'अभंगांजली'तील अभंगांच्या अंती टिळक स्वतःचे नाव घालीत नाहीत. 'दास म्हणे' एवढेच म्हणतात. 'तुका म्हणे' गाणारा वारकरी दुसऱ्याची साक्ष आपल्या मुखाने उच्चारीत असतो. त्या साक्षीशी तो एकरूप झाला तरी तुका तो होत नाही. 'दास म्हणे' गाणारा मात्र, तो कोणीही असो, त्या शब्दात स्वतःच उभा राहतो. ह्या मुद्रेत रामदासांचा प्रतिध्वनी ऐकू येणे स्वाभाविक आहे, पण पौलही आपल्या पत्रांतून स्वतःस ख्रिस्ताचा दास म्हणवितो हे विसरता कामा नये. पौलाच्या मते कृपादान हे व्यक्तीस मिळते पण मंडळीच्या उन्नतीसाठी मिळते. ज्याने मंडळीची उभारणी होत नाही ते कितीही अद्भुत असले तरी गौण. संताच्या एकट्या अनुभवातून उगवणारा प्रसाद आणि समुदायासाठी दिलेले कृपादान ह्यांत जो ताण आहे, तो टिळकांनी मुद्रेतील एका शब्दाने सोडविला. हा निर्णय त्यांनी शास्त्रार्थ करून घेतला की कवीच्या सहजप्रेरणेने, हा प्रश्न गौण होय.

दुसरी बाजू द्रव्याची. हरिकथा करून धन घेणारा व देणारा दोघेही दोषी, हा तुकोबांचा कठोर दंडक वारकरी संप्रदायात आदर्श म्हणून राहिला आहे. टिळक हे मिशनचे पगारी सेवक होते, आणि ह्या स्थितीची खंत त्यांना बोचू लागली असे त्यांच्या अखेरच्या वर्षांतील आचरणावरून दिसते. १९१७ मध्ये त्यांनी वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती स्वीकारली, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' ही बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी खुली संगत उभी केली. जे दान म्हणून मिळाले ते विकता येत नाही, ह्या तत्त्वाची ती परिणती म्हणता येईल. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. दरबारास दोन वर्षांचेही आयुष्य त्यांच्या हयातीत लाभले नाही, आणि संस्था म्हणून त्याचे मूल्यमापन करणे त्यामुळे कठीण आहे. अभंग मात्र राहिले.

'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य टिळकांच्या मागे अपूर्ण होते. त्यांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्यांनी त्यांत साठांहून अधिक अध्यायांची भर घातली, आणि ग्रंथ १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. 'स्मृतिचित्रे'च्या लेखिकेस शाळेचे शिक्षण जवळजवळ नव्हते. नामदेवाचा अपुरा संकल्प तुकोबांकडे यावा तसा हा अपुरा ग्रंथ त्यांच्याकडे आला. फरक इतकाच की येथे आज्ञा करण्यास कोणी स्वप्नात आले नव्हते, घरात पडलेले हस्तलिखित पुरेसे होते. टिळकांच्या अध्यायांशी लक्ष्मीबाईंचे अध्याय ताडून पाहण्याचे काम अद्याप व्हावे तितके झालेले नाही.

ह्याच काळात पुणे जिल्ह्यात कृपादानाचा एक सर्वस्वी निराळा आविष्कार झाला. दौंडनजीक केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ च्या जूनमध्ये जे जागरण सुरू झाले, त्यात शेकडो स्त्रिया एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पुढे अन्य भाषांत बोलण्याचे प्रकारही घडले. रमाबाईंनी ह्या प्रकारांना दडपले नाही. पुराणिकांच्या कुळात वाढलेल्या व भागवताचे पाठ म्हणत भारतभर हिंडलेल्या ह्या विदुषीने छंदावाचून, तालावाचून उसळणाऱ्या ह्या वाणीस अवसर द्यावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नगरचे गायन घडविलेले होते, केडगावचे उफाळलेले. पौलाच्या पत्रात दोहोंना स्थान आहे, पण बुद्धीनेही गाण्याची अट तो दुसऱ्या प्रकारासच उद्देशून घालतो. केडगावचा आवाज त्या काळच्या जागतिक पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात नोंदला गेला. नगरचा आवाज मराठी गीतसंग्रहात टिकला.

ह्या इतिहासात एक उणीव आहे आणि ती झाकणे बरोबर होणार नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांतील बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतून आलेले होते. खेड्यातील वाद्यपरंपरेचा मोठा भाग ह्याच समाजांच्या, विशेषतः मांगांच्या, हाती होता. हलगी आणि सनई ह्यांवाचून लग्न, वरात, जत्रा होत नसे. पण हे वादन बलुत्याच्या व्यवस्थेतील कर्तव्य होते. गावाने लादलेले आणि धान्याच्या वाट्याने फेडलेले. जे जन्माने चिकटते आणि नाकारता येत नाही त्यास दान कसे म्हणावे? ख्रिस्ती उपासनेने ह्या लोकांस अभंग दिला, कीर्तन दिले, पेटी आणि तबला दिला; त्यांच्या स्वतःच्या हलगीस मात्र देवळात जागा क्वचितच मिळाली. एका दृष्टीने ही मुक्ती होती, कारण हलगी नाकारणे म्हणजे गावकीचे जोखड नाकारणे. दुसऱ्या दृष्टीने, पिढ्यान्पिढ्यांची लयविद्या कृपादानाच्या यादीबाहेर ठेवली गेली. टिळकांची प्रतिभा ब्राह्मणी शिक्षणात व वारकरी वाङ्मयात मुरलेली होती; तिने उघडलेले दार तिच्याच उंचीचे होते. पौलाच्या यादीत गायन नव्हते ते त्यांनी घातले. हलगी त्यांच्याही यादीत आली नाही.

रोमन कॅथलिक चर्चमध्ये ह्या प्रश्नास १९६३ नंतर वेग आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी मान्य केलेल्या उपासनाविषयक घटनेत, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा त्यांच्या धार्मिक व सामाजिक जीवनात महत्त्वाची आहे तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असा स्पष्ट निर्देश आहे. मराठी मिस्सेत भजनाच्या चाली येण्यास त्यामुळे अधिकृत आधार लाभला. प्रॉटेस्टंटांनी जी गोष्ट एका कवीच्या बळावर केली ती कॅथलिकांनी परिषदेच्या ठरावाने केली, असे थोड्या अतिशयोक्तीने म्हणता येईल. अर्थात स्टीफन्सच्या वारशाचे त्यांना विस्मरण झाले होते हेही त्याबरोबर म्हटले पाहिजे. ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनाने पुण्यास १९५६ मध्ये निघाली होती.

पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी, चिंचवड, भोसरी व पुढे चाकण ह्या बाजूस यंत्रोद्योगाचा विस्तार झाला. नगर जिल्ह्यातून आणि मराठवाड्यातून जे कामगार ह्या पट्ट्यात आले त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. गावच्या देवळातील गीते त्यांच्याबरोबर आली. कारखान्याच्या तीन पाळ्यांच्या वेळापत्रकात रात्रभराचे कीर्तन बसण्यासारखे नव्हते; अभंग आटोपशीर असल्यामुळे तगला. त्यांच्या पुढच्या पिढीपुढे हिंदी व इंग्रजी उपासनागीते, विद्युत्-वाद्ये आणि ध्वनिवर्धक आहेत, आणि नगरच्या मंडळीत दीडशे वर्षांपूर्वी उठलेला चालींचा वाद उलट दिशेने पुन्हा ऐकू येतो. त्या वेळी देशी चाल संशयास्पद होती. आता ती जुनी ठरते. अक्षर कोठे लांबवावयाचे आणि दीर्घ स्वर कोणत्या शब्दावर येतो, ही कसोटी मात्र ह्या नव्या गीतांनाही तशीच लागू पडते. देहूपासून काही कोसांच्या आत, तुकोबांच्या छंदात रचलेले आणि 'दास म्हणे' ह्या मुद्रेने संपणारे अभंग ज्या घरांत म्हटले जातात, तेथे कवीचे नाव सर्वांस ठाऊक असतेच असे नाही.